आधी वीज, मग बल्ब

श्रोतेहो, नमस्कार. जुनी गाडी चालवणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: रात्री रस्ताच नीट दिसत नाही. ती ऐकून कोणीतरी लगेच सांगतं, "एलईडी टाकून घे." टाका, माझी ना नाही. पण आहे त्या बल्बपर्यंत वीज पुरेशी पोहोचते का, ते आधी बघा. आधी वीज, मग बल्ब. आज हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

माझ्या मामांच्या गाडीची गोष्ट सांगतो. गाडी जुनी, दिवे पिवळे आणि मलूल. समोरून गाडी आली की मामांना रस्त्याची कडच दिसेना. शेवटी त्यांनी एलईडीची जोडी आणली आणि ती बसवायला अण्णांना बोलावलं. अण्णांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेलं. त्यांनी ते खोकं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "इंजिन चालू करा, दिवे लावा."

मग मल्टिमीटर निघाला. बॅटरीच्या दोन टोकांवर 14 व्होल्ट. तोच मीटर त्यांनी पेटत्या बल्बच्या मागे, होल्डरवर लावला. साडेअकरा! मामा म्हणाले, "अडीच व्होल्टनं असं काय बिघडतं?" अण्णा म्हणाले, "अहो, व्होल्ट थोडे जातात, पण उजेड फार जातो." आणि ते अगदी खरं आहे. हॅलोजन बल्बला, म्हणजे जुन्या गाड्यांतल्या तारेच्या बल्बला, 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. मामांच्या गाडीत निम्मा उजेड वाटेतच संपत होता.

वाटेत म्हणजे कुठे? अण्णांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली आणि दुसरी बल्बच्या अर्थवर, म्हणजे वीज जिथून बॅटरीकडे परत जाते त्या टोकावर. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, दिसले दीड व्होल्ट. अर्थची वायर दिव्यामागे बॉडीला एका बोल्टने कसलेली होती. बोल्ट काढला तर खाली सगळा गंज. सँडपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरचं टोक घासलं, बोल्ट घट्ट कसला आणि वरून ग्रीस लावलं. दिवे पुन्हा लावले, आणि मामा गाडीसमोरून हलेचनात. "हाच जुना बल्ब?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तोच बल्ब होता!

उरलेला एक व्होल्ट पॉझिटिव्हच्या बाजूला जात होता. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा दिव्याची सगळी वीज बॅटरीपासून आत स्विचपर्यंत, तिथून डिपरच्या, म्हणजे झोत खाली-वर करायच्या दांडीतून, आणि मग पुन्हा पुढे बल्बपर्यंत फिरून येते. वायर बारीक, स्विच झिजलेला. अण्णांनी रिले बसवले, म्हणजे थोड्याशा विजेवर चालू होणारे स्विच. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर थेट रिलेमधून बल्बला, आणि जुन्या वायरीकडे फक्त रिले चालू करण्याचं हलकं काम. मीटर साडेतेरापर्यंत चढला. एलईडीचं खोकं मामांनी तसंच परत केलं.

मला अण्णांसारखी माणसं फार मोलाची वाटतात. हल्ली भाग बदलणारे पुष्कळ भेटतात, बदलण्याआधी मीटर लावणारे कमी. गाडीचंच कशाला, घरातला पंखा घ्या, मिक्सर घ्या, तपासण्याआधीच नवा आणायचा सल्ला मिळतो. असो.

दिव्याची काचही बघा. ती प्लॅस्टिकची असेल तर उन्हाने पिवळी, धुरकट होते. पाणी मारत सँडपेपरने घासायची: आधी 800 नंबर, मग 1500, मग 2000, नंतर पॉलिश. शेवटी उन्हापासून वाचवणारा लेप लावायचाच, नाहीतर काच लवकरच पुन्हा पिवळी पडते. आतला चंदेरी रिफ्लेक्टर मात्र पुसू नका, त्याचा थर निघून येतो.

हे सगळं झाल्यावरही एलईडी हवा असेल, तर दोन गोष्टी. तुमच्याकडच्या नियमांत तो बसतो का, ते आधी विचारा, कारण हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घालायला अनेक देशांत सरसकट परवानगी नाही. आणि बल्ब असा निवडा, की हॅलोजनची तार जिथे होती नेमका तिथेच त्याचा उजेड असेल. रिफ्लेक्टर त्या तारेसाठी घडवलेला असतो. बहुतेक बल्बांत उजेड देणाऱ्या चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून याव्या लागतात, वर-खाली नाही. जुना बल्ब काढण्याआधी गाडी सपाट जागी, भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करा आणि डिपरच्या उजेडाची वरची कड खडूने आखून ठेवा. एलईडी लावल्यावर उजेड त्या रेषेच्या वर सांडला, तर बल्ब थोडा फिरवून बघा. तरीही सांडत असेल, तर तो काढा. तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाणार आहे. गावात, वस्तीत अपर लावून फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि चुकीचा बसलेला एलईडी डिपरवरही तेच करतो.

रंगाचं म्हणाल, तर निळसर पांढऱ्याच्या नादी लागू नका. पावसात, धुक्यात तो उजेड डोळ्यांना जास्त त्रास देतो. आणि अर्थ खराब असेल, तर एलईडीही लुकलुकतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी वीज, मग बल्ब.

बल्ब बसल्यावर मागचं रबरी टोपण नीट बसतं का, तेही पाहा. एलईडीच्या मागचा पंखा मोठा असला की ते अर्धवट राहतं आणि आत पाणी, धूळ जाते. टोपण बसत नसेल, तर लहान पंख्याचा बल्ब शोधा, टोपण कापू नका. नमस्कार.