पत्र्यावरचा शिंपला

मंडळी, पेट्रोल पंपावरची ही जुनी पाटी पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू द्या. जड आहे, दोन्ही हातांनी धरा. हा पिवळा शिंपला बर्मा-शेल या जुन्या तेल कंपनीचा. पिंपळगाव बसवंतच्या एका मळ्यात तो कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथा पडला होता. मळ्यातल्या आजींनी बदल्यात खुराड्याला दोन नवे पत्रे मागितले. मी चार दिले.

तेलाच्या कंपनीला शिंपला कशाला? लंडनमध्ये सॅम्युअल घराण्याचं दुकान होतं, तिथे परदेशातून आणलेले शोभेचे शिंपले विकले जात. पुढच्या पिढीने रॉकेलचा व्यापार मांडला, पण नाव शिंपल्याचंच ठेवलं. आपल्याकडे बर्मा-शेल १९२८ सालची. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी तिचं भारत पेट्रोलियम झालं. एस्सो या दुसऱ्या तेल कंपनीचं त्याआधीच, १९७४ मध्ये, हिंदुस्थान पेट्रोलियम झालं होतं. कॅल्टेक्सही नंतर त्यातच गेली. मुंबई-आग्रा रस्त्यावर ज्या खुणा बघून ड्रायव्हर लोक टाकी भरायला थांबत, त्या बघता बघता उतरल्या. माझे वडील ट्रक चालवायचे. ते मात्र शेवटपर्यंत क्लीनरला सांगत, “बर्माशेलवर घेऊ.”

आता शिंपल्याच्या कडेवरून बोट फिरवा. रंग किंचित उंच लागतो ना? हा साधा ऑइलपेंट नव्हे. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड पसरून भट्टीत सुमारे ८०० अंशांवर वितळवतात. एक रंग भाजून झाला की वर दुसरा, पुन्हा भट्टी. म्हणून पन्नास-साठ वर्षं ऊन-पाऊस खाऊनही पिवळा पिवळाच राहतो. गंज धरतो तो खिळ्याच्या भोकांपाशी, कारण खिळा ठोकताना तिथली काच टवका उडून जाते आणि पत्रा उघडा पडतो. बाजारात नकली पाट्या पुष्कळ आहेत. त्यांवर बोट सरळ घसरतं, आणि गंज बघाल तर भोकं सोडून भलतीकडेच, मुद्दाम चढवलेला.

एक कळकळीची विनंती करतो. अशी पाटी मिळाली तर रंगवू नका. मी पहिलीच मिळालेली एस्सोची पाटी हौसेने पेंटरकडून रंगवून घेतली होती. काचेवर ब्रश फिरला, टवक्यांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. आज तिच्याकडे बघवत नाही मला. मऊ फडकं, साबणाचं पाणी, बस. आणि ती कुठून आली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. भंगारातून आलेल्या माझ्या कित्येक पाट्यांचं गाव आता कुणालाच सांगता येणार नाही.

या पाटीचं तसं झालं नाही. मळ्यातल्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे हमरस्त्यावरच्या पंपावर कामाला होते. नवी पाटी लागली तेव्हा ही त्यांनी सायकलवर बांधून घरी आणली. पाटी आता तुमच्याकडे पोचली असेल, तर उलटी करा. मागे कागद चिकटवलाय, त्यावर आजींनी सांगितलं ते सगळं त्यांच्याच शब्दांत आहे. शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं वाचा.