थंडीत सकाळी ट्रक मिसिंग करतोय? नोझल काढायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारी लागला की आमच्या निफाड-लासलगाव पट्ट्यात ड्रायव्हर लोकांची एकच तक्रार असते, सकाळी सेल्फ मारला की गाडी चालू होते पण स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, नीट उभी राहत नाही, फटके मारते, पांढरा धूर सोडते, आरसे हलतील इतकी केबिन थरथरते आणि थोड्या वेळाने गरम झाली की काही झालंच नव्हतं अशी शांत. मग धाब्यावर कोणीतरी सांगतं नोझल गेले, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची तोंडं, आणि गाडी थेट डिझेल पंप दुरुस्तीवाल्याच्या दारात. अहो थांबा ना जरा. नोझल सगळ्यात शेवटी. आधी जे फुकटात बघता येतं ते बघू.

मुळात काय होतं, डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून ५०० अंशांच्या वर गरम होते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. आता बाहेर पारा ५ वर, ब्लॉक गार, म्हणजे ती हवा सुरुवातीलाच थंड, वर सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढून घेतात. जो सिलिंडर आधीच थोडा कमजोर आहे तो अशा वेळी पेट घ्यायला कुचराई करतो, बाकीचे चालतात, म्हणून मिसिंग. थंडीने बिघाड नवीन आणलेला नसतो बरं का, आहे तो उघडा पाडलेला असतो.

पहिले धूर बघा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे. नुसती वाफ असेल, लगेच विरून जाते, वास नाही, तर सोडून द्या, थंडीत निघतेच. पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बघायला लागेल, तो आजचा विषय नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय, एअर फिल्टर उघडून बघा, बीएस-४, बीएस-६ (धुराच्या नियमांच्या पिढ्या) गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, कार्बनने अडकून उघडा राहिला तरी स्लोला असंच होतं.

आता महत्त्वाचं. माझ्याकडे थंडीत येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त काय निघतं, तर एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतलं डिझेल ओढणारा पंप) लाइन डिझेल ओढत असते, तिथे दाब नसतो, उलट खेच असते. त्यामुळे तिथे बारीक लिकेज असलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते, उसाच्या रसाच्या स्ट्रॉला भोक पडल्यासारखं. रबरी पाईप, ओ-रिंगा थंडीत आखडतात, दिवसा जो जोड धरून असतो तो पहाटे सुटतो, रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं. म्हणून गाडी फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर झटकन चालू होते, काही सेकंद मस्त चालते आणि मग हवेचा बुडबुडा पोचला की आरपीएम वर-खाली, वर-खाली. चालू होताना ठीक आणि मग बिघडली, तर माझा पहिला संशय एअरवरच.

कसं पकडायचं? कॅमेरा जरा खाली घे रे, फिल्टरवर. हा हँड प्रायमर, हाताने डिझेल भरायचा छोटा पंप. रात्री गाडी बंद केल्यावर हा कडक होईपर्यंत दाबत राहा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी परत दाबा. कडक लागला तर ठीक, पोकळ लागला तर डिझेल मागे उतरलंय. मग फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाईपचा तुकडा टाका आणि गाडी चालू करून बघा, बुडबुडे दिसतात. अजून एक जुनी युक्ती, टाकीकडची लाइन सोडून पंपाला थेट कॅनमधून स्वच्छ डिझेल द्या. त्याने गाडी सुधारली तर लोच्या टाकी ते इथपर्यंतच्या लाइनमध्ये. आणि बँजो बोल्टचे, म्हणजे डिझेल पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर, ते एकदा खोलले की नवीनच टाकायचे, दोन-चार रुपये वाचवायला जुनेच दाबून बसवतात आणि मग महिनाभर एअर शोधत बसतात.

तिथेच खाली वॉटर सेपरेटरचा, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा, नॉब आहे. अर्धी टाकी रात्रभर गारठली की आतल्या हवेतलं बाष्प पाणी होऊन खाली बसतं. सकाळी चालू करायच्या आधी बाटली धरून सोडा, चालू करून नाही, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं.

बॅटरी पटकन सांगतो. आपल्या मोठ्या गाड्या २४ व्होल्टच्या, १२-१२ च्या दोन सीरिजमध्ये. सेल्फ दमून दमून फिरत असेल तर दाबलेली हवा गरमच होत नाही. उभ्या गाडीत प्रत्येक बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, आणि टर्मिनलवरची ती पांढरी-हिरवी बुरशी साफ करा आधी. छोटी पिकअप असेल तर हीटर प्लग, सिलिंडर आधी गरम करणारे, चेक करा, चारातला एक गेला तरी सकाळी मिसिंग.

आता थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. यावर मला राग येतो खरं सांगू का. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, "आपल्याकडे लागत नाही" म्हणे. लागतो! तो नसेल तर थंडीत इंजिन तासभर कोमटच राहतं, तापमानाचा काटा वर येत नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून गारच आहे, डिझेल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं, आणि बीएस-६ ला डीपीएफ, सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर, भरत राहतो तो वेगळा. गाडी अर्धा तास रस्त्यावर चालूनही काटा मधे येत नसेल तर आधी हाऊसिंग खोलून बघा आत थर्मोस्टॅट आहे का.

काटा म्हटलं तर आरपीएमचाही बघा. केबिन हलतेय पण आरपीएमचा काटा स्थिर असेल, तर इंजिन ठीक आहे, माउंटिंगचं रबर कडक झालंय.

एवढं करूनही मिसिंग असेल तर मग इंजेक्टर. जुन्या गाडीत मिस्त्री एकेक पाईपाचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मरतोय ते बघायचे. कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीला, हे अजिबात करू नका, अजिबात. टायरमध्ये हवा असते ८ बारच्या आसपास, रेलमध्ये स्लोलाच काहीशे बार असतात, ती धार कातडीतून आत घुसते, हात जातो माणसाचा. तिथे स्कॅनर लावून सिलिंडर कट टेस्ट (एकेक सिलिंडर बंद करून बघणं) करा आणि इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून बॅक लिकेज मोजा. ज्याची बाटली लवकर भरली तो गुन्हेगार.

कांदा घेऊन वर पंजाब, जम्मू, काश्मीरला जाणाऱ्यांसाठी अजून एक. डिझेल गोठणं ही आपल्या निफाडच्या थंडीत सहसा भानगड नसते, वर मात्र खरी आहे. भारतीय मानकात डिझेलचा पोर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान, उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत चालतो, हिवाळ्यात ३ पर्यंतच. त्याच्याही खाली पारा गेला की आतलं मेण जमून फिल्टर तुंबतो, गाडी खेचत नाही, स्लोला बंद पडते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पोर पॉइंटचं वेगळं डिझेल काढलं ते याचसाठी. म्हणून इथून टाकी फुल्ल करून घाटात चढू नका, वरचं डिझेल वरच भरा. रॉकेल मिसळू नका, कॉमन रेलच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं. आणि टाकीखाली बोळे पेटवणारे महाभाग अजून आहेत, त्यांना काय बोलणार.

शेवटचं, गाडी चालू करून अर्धा-अर्धा तास स्लोला उभी ठेवून चहा पीत बसू नका. स्लोला इंजिन गरम होतच नाही नीट, कच्चं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तीन-चार मिनिटं, ऑइल प्रेशर आलं की हळू निघा, रस्त्यावर लवकर गरम होते.

तुमची गाडी असं करत असेल तर कमेंटमध्ये मॉडेल, बीएस कितवी, धुराचा रंग आणि गरम झाल्यावर थांबते का नाही एवढं लिहा. नुसतं "दादा गाडी मिसिंग करते" लिहिलं तर मी इथे बसून काय सांगणार!