कोळंबी, भाज्या आणि कढईतलं पाणी

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. विषय अगदी घरगुती आहे. कोळंबी आणि चार भाज्या मोठ्या आचेवर झटपट परतायच्या, जशा चायनीजच्या गाड्यावर परततात तशा. घरी हा पदार्थ केला की बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: पाणी सुटलं. कोळंबी रबरासारखी चिवट, ढोबळी मिरची गळालेली आणि कढईच्या तळाशी तपकिरी पाणी. मग सॉस बदलून बघतात, अजिनोमोटो घालून बघतात. बिचाऱ्या सॉसचा यात काही दोष नसतो.

आधी थोडा हिशेब करू. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॉटचा धरा. आपल्याकडच्या मानकानुसार शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे भांड्यापर्यंत पोचणारी उष्णता सव्वा ते दीड किलोवॉट. शंभर ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धी वाटी, खोलीच्या तापमानापासून पूर्ण वाफ होऊन जायला सुमारे २५० किलोजूल उष्णता लागते. भागाकार केला तर तीन मिनिटांच्या आसपास येतात. मध्यम आकाराची सोललेली कोळंबी दोन मिनिटांत शिजते. म्हणजे धुऊन तशीच ओली कोळंबी कढईत टाकली, तर पाणी आटायच्या आतच ती शिजून जाते, आणि पाणी आटेपर्यंत थांबलात तर चिवट होते. पाणी असेपर्यंत कढईचा तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, त्यामुळे खमंगपणा यायचा प्रश्नच नाही. ती कोळंबी परतलेली नसते, उकडलेली असते. गाड्यावरच्या भट्टीची आच आपल्या शेगडीच्या कितीतरी पट असते, तिथे एवढं पाणी बघता बघता उडून जातं. आपल्याकडे ती आच नाही. म्हणून पाणी कढईत जाण्याआधीच काढायचं आणि एका वेळी थोडंच परतायचं. पुढे जे सांगणार आहे, ते सगळं या दोन गोष्टींसाठी.

आता कोळंबी. समुद्र आपल्यापासून लांब. रत्नागिरीचा माल आंबा घाट चढून येतो, कराड-साताऱ्याकडे चिपळूणहून कुंभार्ली घाटातून. जून-जुलैत समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा बाजारात दिसते ती बहुधा तळ्यात वाढवलेली वेनामी. ही मूळची प्रशांत महासागराच्या पलीकडची जात. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली, आणि आज सर्वांत जास्त उत्पादन आंध्रात होतं. या पदार्थाला वेनामी उत्तम चालते. उगाच नाक मुरडू नका. कृष्णा-वारणेचे बारीक झिंगे मात्र इथे नकोत. ते अर्ध्या मिनिटात शिजतात आणि भाज्यांत हरवून जातात. त्यांचं सुक्कंच करावं.

घेताना डोक्यासकट किलोला ४० ते ६० नग बसतील असा आकार मागा. वास समुद्राचा यावा. अमोनियाचा, म्हणजे नाकाला झोंबणारा वास आला तर पुढच्या पाटीकडे वळा. डोकं धडाला घट्ट हवं. डोक्याजवळ काळपट डाग दिसले म्हणजे माल नासलाच असं नाही, पण बर्फात बरेच दिवस काढलेत एवढं नक्की. डोक्यात पाचक रस असतात आणि मेल्यावर तेच मांस मऊ करत जातात, म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम डोकी काढायचं. अर्धा किलो अख्खी कोळंबी आणली की सोलून पाव किलोच्या आसपास उरते. बाजारात निघताना हा हिशेब डोक्यात ठेवा, नाहीतर चार माणसांच्या ताटात तीन-तीन नग येतात.

पाठीवर सुरीने उथळ चीर देऊन काळा धागा काढा. ती तिची आतडी. खाऊन अपाय होतो असं नाही, पण दाताखाली कचकच येते. त्या चिरेचा दुसरा फायदा असा, की शिजताना कोळंबी उमलते आणि सॉस धरून ठेवते.

गोठवलेली कोळंबी असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको, कारण बाहेरचं मांस शिजू लागतं आणि आत बर्फ तसाच राहतो. या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो. तो वितळून निथळू द्या. पाकिटावरच्या वजनात तो धरलाय की नाही हेही वाचा.

आता सगळ्यांत दुर्लक्षित काम: कोरडी करणे. चाळणीत निथळून भागत नाही. स्वच्छ सुती पंचावर एका थरात पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, पाच मिनिटं राहू द्या. फडकं ओलं झालं तर पुन्हा एकदा. मग पाव किलोला पाव चहाचा चमचा मीठ आणि चहाच्या चमच्याचा आठवा भाग, म्हणजे एक चिमूट, खाण्याचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, त्यातली प्रथिनं आचेवर आवळून येत नाहीत आणि आतला रस आतच राहतो. कोळंबी चावताना कुरकुरीत लागते ती त्यामुळे. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच.

इथे लिंबू आणि हळद लावायची आपली सवय आड येते. लिंबातलं आम्ल सोड्याला मारतं आणि मांस वरून घट्ट करतं. लिंबू लावायचंच असेल तर सोडा गाळा. आणि हळद नको. सांगलीत उभं राहून हे बोलणं म्हणजे धाडसच, इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण आमटीत शोभणारी हळद इथे गाजर, कोबी, कोळंबी सगळ्यांना एकच रंग फासते. कढईत घालायच्या अगदी आधी एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि तेवढंच तेल कोळंबीला चोळा. उरलासुरला ओलावा ते पीठ पिऊन घेतं.

भाज्या पाव किलो कोळंबीला तीनशे ग्रॅम पुरतात. एक मध्यम गाजर, आठ-दहा फरसबीच्या शेंगा, एक कांदा, एक ढोबळी मिरची, मूठभर कोबी, चार काड्या कांदापात. भाज्या चिरायच्या तासभर आधी धुवा आणि पुसा, कारण कोबीच्या पानांत आणि ढोबळीच्या पोटात पाणी लपून बसतं. गाजराचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे तिरके काप करा. जाड काप आतून कच्चे राहतात आणि तोवर बाकीच्या भाज्या गळतात. फरसबी तिरकी, बोटाच्या दोन पेरांएवढी. कांद्याचे चार तुकडे करून पाकळ्या सुट्या करा, बारीक चिरलेला कांदा लगेच पाणी सोडतो. टोमॅटो या पदार्थात नको, तो म्हणजे पाण्याची पिशवीच. मशरूम आवडत असतील तर कोरड्या कढईत वेगळे परतून त्यांचं पाणी आटवा आणि शेवटी घाला.

आलं-लसूण वाटू नका. वाटण ओलं असतं आणि तळाला चिकटून करपतं. सहा-सात लसूणपाकळ्या जाडसर चिरा, आल्याच्या इंचभर तुकड्याच्या काड्या करा. सातारी आलं तिखट असतं, तेव्हा इंच म्हणजे इंचच. लसूण बारीक किसला तर दहा-पंधरा सेकंदांत काळा पडतो, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा पदार्थातून काढता येत नाही.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा. सोया सॉस दीड पोह्याचा चमचा, व्हिनेगर एक चहाचा चमचा, साखर किंवा किसलेला गूळ एक चहाचा चमचा, मिरपूड अर्धा, कॉर्नफ्लॉवर एक सपाट चहाचा चमचा, पाणी तीन पोह्याचे चमचे. वेगळं मीठ घालू नका. सोया सॉसमध्ये भरपूर असतं, कोळंबीलाही लावलंय. भाजीवर मीठ आधी पडलं तर ती पाणी सोडते, हे कोशिंबीर करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

भांडं लोखंडी किंवा बिडाचं, रुंद तळाचं. बाजारात मिळणारी साधी लोखंडी कढई यासाठी महागड्या भांड्यांपेक्षा सरस. जाड लोखंडात उष्णता साठते, आणि गार जिन्नस पडला तरी तळ एकदम थंड होत नाही. मोठ्या बर्नरवर रिकामी कढई तीन-चार मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो न चरचरता मोत्यासारखा पळाला पाहिजे. मग तेल, दोन पोह्याचे चमचे. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल चांगलं. हल्ली घाण्याचं तेल घरोघरी आलंय, चवीला झकास आहे, पण ते फार लवकर धुरावतं. ते वरून अर्धा चमचा सोडायला ठेवा.

आता घड्याळाकडे लक्ष. तेलातून धुराची पहिली रेघ निघाली की निम्मी कोळंबी टाका, एका थरात, एकमेकींना न चिकटता. चाळीस सेकंद हात लावू नका. परतण्याचा पदार्थ आहे म्हणून सारखं हलवत राहिलं की खालची बाजू तापतच नाही. मग उलटा, आणखी तीस सेकंद, आणि ताटलीत काढा. मध्यभाग किंचित काचेसारखा दिसला तरी चालेल, तो पुढे शिजतो. उरलेली निम्मी तशीच. कच्ची कोळंबी राखाडी असते. तिच्यातलं ॲस्टॅझँथिन हे नारिंगी रंगद्रव्य एका प्रथिनात अडकलेलं असतं, आचेवर ते सुटतं आणि रंग खुलतो. पण रंग बदलला म्हणजे आतपर्यंत शिजली असं समजू नका, आकार बघा. अर्धचंद्रासारखी वळली म्हणजे झाली. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून गोल कडं झालं तर वेळ गेली.

कढई पुसा, पुन्हा तापवा, एक चमचा तेल. गाजर आणि फरसबी दीड मिनिट. मग कांदा आणि ढोबळी, एक मिनिट. मध्ये थोडी जागा करून तिथे आलं-लसूण, पंधरा-वीस सेकंद, वास सुटेपर्यंत. आता कोबी आणि कोळंबी. सॉसची वाटी तळापासून ढवळून घ्या, कारण कॉर्नफ्लॉवर खाली बसलेलं असतं, आणि कढईच्या कडेने ओता, मध्ये नको. कडेला तो लगेच तापतो, थोडा करपल्यासारखा होतो आणि गाड्यावरचा तो वास येतो. सॉसला बुडबुडे येऊन चकाकी आली की वीस सेकंद आणखी, नाहीतर पिठाची कच्चट चव राहते. बंद करा, कांदापात भुरभुरा.

झाकण कुठल्याही टप्प्यावर ठेवू नका. आणि भाताबरोबर खायचं असेल तर सॉसमध्ये दोन चमचे पाणी वाढवा. शाळूच्या भाकरीबरोबर वरच्या मापातलाच, जरा आवळून आलेला सॉस बरा.

श्रोत्यांपैकी एका ताईंनी विचारलं, घरी नॉनस्टिकच आहे, चालेल का? चालेल, पण रिकामं तापवू नका. तो थर २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो. तेल घालूनच तापवा, आच एक पायरी कमी ठेवा आणि कोळंबी दोनऐवजी तीन हप्त्यांत परता. रंग थोडा फिका येईल.

दहा पाहुणे असतील तर? मापं तिप्पट करा, पण एकाच कढईत तिप्पट माल नको. पाव-पाव किलोचा घाणा स्वतंत्र काढा, सॉसही तितक्याच वाट्यांत वेगळा कालवा. आणि पाहुण्यांना आधी विचारा, कोळंबीची ॲलर्जी गंभीर असू शकते. त्याच कढईतली भाजी वेगळी काढून देणं हा त्यावर उपाय नव्हे.

शेवटचा प्रश्न टरफलांचा होता. टाकू नका. डोकी आणि टरफलं चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परता, दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा आणि गाळा. सॉसमध्ये तीन चमचे पाणी घालायला सांगितलंय, त्याऐवजी हे पाणी घाला. उरलेलं आमटीला. वाटलं तर गाळून गोठवूनही ठेवता येतं.