पाचशे डॉलरची गाडी आणि पिटमधली माणसं

नमस्कार, श्रोतेहो.

आज ज्या मोटार शर्यतीबद्दल मी बोलणार आहे, तिचा पहिला नियम असा की गाडी पाचशे डॉलरच्या वर जाता कामा नये. म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. एवढ्यात आपल्याकडे पेट्रोलवरची नवी स्कूटरसुद्धा येत नाही. जे लॅम नावाच्या मोटार-पत्रकारानं २००६ साली कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँटच्या ट्रॅकवर ही शर्यत सुरू केली आणि नाव ठेवलं '२४ अवर्स ऑफ लेमन्स'. लेमन म्हणजे अमेरिकन बोलीत रद्दड गाडी, आणि नाव म्हणजे फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या थोर शर्यतीची उघड टिंगल! चोवीस तास बहुतेक वेळा नावापुरतेच असतात. शनिवारी सात-आठ तास पळायचं, रात्री गाडी दुरुस्त करायची आणि रविवारी पुन्हा जवळजवळ तेवढंच पळायचं. शेवटी ज्याचे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, जास्त, तो पहिला.

कॅलिफोर्नियात नोकरीला होतो तेव्हा ऑफिसातल्या मित्रांच्या अशाच एका टीममध्ये मी होतो. गाडी जुनी होंडा सिव्हिक. मी स्टिअरिंगपेक्षा वहीच जास्त सांभाळली. कोण किती वाजता बसला, पेट्रोल कधी भरलं, कुठलं चाक गरम लागलं, हे सगळं त्या वहीत. त्यामुळे जे सांगतोय ते पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवून पेट्रोल भरतात त्या जागेवरून, दिसलेलं आहे.

आधी शुक्रवारची तपासणी. रोल केज म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, ब्रेक, टायर या जिवाशी संबंधित गोष्टी पाचशेत धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नुसता केजच गाडीच्या कितीतरी पट महाग पडतो. पण इंजिनात चोरून काही भारी बसवलंय असं परीक्षकांना वाटलं, तर पाचशेच्या वरच्या दर दहा डॉलरला एक लॅप दंड. परीक्षक लाच मात्र राजरोस घेतात, खाण्यापिण्याची असली तर आनंदानं. आमच्यातल्या एकानं चकल्यांचा डबा पुढे केला होता. त्याचा उपयोग किती झाला देव जाणे, डबा मात्र रिकामा परत आला.

आता मुख्य गोष्ट. नवी टीम पहिल्या दिवशी जोरात पळते आणि दुपारपर्यंत गारद होते. का, ते साध्या हिशेबानं सांगतो. विलोज गावाजवळ थंडरहिल नावाचा ट्रॅक आहे, एक फेरी तीन मैलांची. आमच्यासारख्या गाडीला तिथे एका लॅपला साधारण दोन मिनिटं चोवीस सेकंद धरा. तुमचा एखादा उत्साही ड्रायव्हर वळणावर घसरला, दोन चाकं मातीत गेली, की काळा झेंडा. गाडी आत घ्यायची, परीक्षकांपुढे उभं राहायचं, बोलणी खायची. यात पाच मिनिटं सहज जातात. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. ती भरून काढायला दर लॅपला दोन सेकंद जास्त जोरात पळायचं म्हटलं, तर दीडशे लॅप लागतात. दीडशे लॅप म्हणजे सलग सहा तास! तेवढा वेळ जिवाच्या आकांतानं गाडी हाणली, तर इंजिन तरी बसेल नाहीतर तो पुन्हा मातीत तरी जाईल.

म्हणून टीममधला सगळ्यात वेगवान माणूस हाच बहुधा टीमची डोकेदुखी असतो. आमच्याकडे असा एक होता. दुसऱ्या गाडीला नुसतं अंग घासलं तरी चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, दोघांनाही काळा झेंडा. हा बाहेर येऊन "माझी चूक नव्हती" म्हणायचा आणि आमचा कॅप्टन शांतपणे म्हणायचा, "नसेल रे, पण घड्याळ चालू होतं ना!" शिक्षाही एकेक नमुनेदार असतात. तोंडाला पांढरा रंग फासून, एक शब्द न बोलता, आपण काय गुन्हा केला ते मूकाभिनयानं करून दाखवायचं. पगारदार, पोराबाळांचा बाप असलेला माणूस हे करताना बघितला की पुढच्या दोन तासांत बाकीचे ड्रायव्हर फार जपून चालवतात.

खरी शर्यत पिटमध्ये होते. लग्नात बोहल्यावर नवरदेव उभा असतो, पण कार्य पार पडतं ते कोठीघराच्या किल्ल्या कमरेला लावलेल्या काकूंमुळे, तसलाच प्रकार. गाडी आत आली की आधी इंजिन बंद. ड्रायव्हर बाहेर, मगच पेट्रोलच्या कॅनचं झाकण उघडायचं. ओतणारा डोक्यापासून पायापर्यंत आगरोधक कपड्यांत, आणि शेजारी तशाच वेषात एकजण अग्निशामक नळकांडं घेऊन. त्याचं काम फक्त उभं राहणं. फोन नाही, गप्पा नाहीत, नजर कॅनच्या तोंडावर. इथे घाई करणाऱ्याला आमच्या कॅप्टननं एकदाच हाकलला, पुन्हा कुणी केली नाही.

पेट्रोल झालं की नवा ड्रायव्हर खिडकीतून पाय टाकून आत. खांद्यावरचे पट्टे, कमरेचे, मांड्यांमधले, सगळे एकाच खटक्यात अडकतात, पण जाड हातमोज्यांनी ते जमत नाही, म्हणून दुसऱ्यानं आत वाकून खेचायचे. "श्वास सोड" म्हणायचं आणि अजून इंचभर ओढायचे. मग रेडिओची वायर, पाण्याची नळी, आणि गार पाण्याच्या बनियनची नळी. हा बनियन भन्नाट आहे. कापडात बारीक नळ्या शिवलेल्या, शेजारी बर्फाची पेटी, छोटा पंप ते गार पाणी अंगाभोवती फिरवत राहतो. थंडरहिलच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि गाडीत एसी कसला, साधं अस्तरही शिल्लक नसतं. बर्फ भरायचा राहिला, तर ड्रायव्हर तासाभरात रेडिओवर काहीतरी असंबद्ध बोलायला लागतो.

उतरलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि लगेच विचारायचं, ब्रेक कसा लागतोय, कुठे आवाज येतोय का. नंतर विचारलं तर तो नुसते पराक्रम सांगतो. एकदा आमचा एकजण उतरता उतरता सहज म्हणाला, "उजवीकडे वळलं की तेलाचा दिवा लुकलुकतो." लांबलचक वळणावर तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. असं दोनचारदा झालं की खालून ठकठक, आणि मग इंजिनला रामराम. लगेच लिटरभर तेल ओतलं आणि पुढच्याला त्या वळणावर जपून जायला सांगितलं. गाडी संध्याकाळपर्यंत टिकली.

आणि नाहीच टिकली तरी घरी जायचं नसतं. रात्री पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात, फिरलात, तर गाडीगाडीखाली दिवे आणि बाहेर आलेले पाय दिसतील. कुणी इंजिन उतरवतंय, कुणी गिअरबॉक्स. दिवसभर ज्याच्याशी झुंजलात तोच रात्री क्लचप्लेट आणून देतो. अशा हिकमती दुरुस्तीला वेगळं बक्षीस असतं. सगळ्यात मानाचं बक्षीस मात्र पहिल्या आलेल्याला मिळत नाही, सगळ्यात भंगार गाडी घेऊन जो सगळ्यात जास्त करून दाखवतो त्याला मिळतं. रोख रक्कम पाच सेंटच्या नाण्यांत द्यायची पद्धत. पाचशे डॉलर म्हणजे दहा हजार नाणी, आणि एक नाणं पाच ग्रॅमचं. पन्नास किलोची पोती उचलून न्या!

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. ती पोरं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री जागून बाहा या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावर पळणारी गाडी बांधतात आणि चार तासांच्या एंड्युरन्समध्ये, म्हणजे टिकाव धरण्याच्या शर्यतीत, उतरवतात. तिथेही पहिल्या तासात उड्या मारणाऱ्या गाड्या चौथ्या तासाला दोरीनं ओढून आणाव्या लागतात.

आमच्या सिव्हिकला बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही. रविवारी शर्यत संपल्याचा झेंडा पडला तेव्हा ती स्वतःच्या चाकांवर ट्रेलरवर चढली, यावरच आम्ही खूश होतो. मग नेहमीचा वाद सुरू झाला, पुढच्या शर्यतीपर्यंत ती कुणाच्या दारात उभी करायची. कॅप्टनची बायको आधीच फोनवर "आपल्याकडे नाही" म्हणून मोकळी झाली होती.