दुखऱ्या जागेवरचा हात

मान आणि खांदा यांच्या मधल्या स्नायूवरून अंगठा सावकाश सरकतोय. आधी मऊ, मग किंचित ताठर, आणि मग ओल्या दोरीसारखा लागणारा एक पट्टा. अंगठा थांबतो, दाब जरासा वाढतो आणि पालथी झोपलेली व्यक्ती म्हणते, "हो, तिथेच! पण कळ कानशिलात जातेय."

मसाज करणाऱ्या थेरपिस्टला याचं नवल वाटत नाही. ट्रॅपेझियस नावाचा हा स्नायू कवटीच्या मागून निघतो, खांदे व्यापतो आणि पाठीत खाली उतरतो. त्याच्या वरच्या भागातलं दुखणं कानामागून थेट कानशिलापर्यंत पोहोचू शकतं. डोकं चेपत बसावं आणि मूळ खांद्यात असावं, असं कितीतरी जणांचं होतं. अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखण्यांचा आयुष्यभर माग काढला. कुठल्या स्नायूतला दुखरा बिंदू कुठे कळ पाठवतो, याचे नकाशे त्यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत तयार केले. जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर त्याच. 1961 साली त्या व्हाइट हाऊसच्या अधिकृत डॉक्टर झाल्या.

या बिंदूत नेमकं काय बिघडलेलं असतं, यावर आजही एकमत नाही. एकाच पाठीवर दोन अनुभवी थेरपिस्ट वेगवेगळ्या जागी बोट ठेवतात, असंही घडतं. म्हणून कुणी गाठ फोडून देतो म्हणालं, तर सावध व्हावं. तिथे फोडण्याजोगं काही नसतं. मांडीच्या बाहेरचं किंवा तळव्यातलं चिवट आवरण, म्हणजे फॅशिया, इतकं दणकट असतं की ते एक टक्का दाबायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल, असा हिशेब 2008 साली संशोधकांनी गणिती प्रारूपावरून मांडला.

मग हात फिरला की बरं का वाटतं?

याचं उत्तर बरंचसं मज्जासंस्थेत आहे. 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले, की वेदनेच्या संदेशांची वाट तिथेच काही प्रमाणात अडते. ठेच लागल्यावर हात आपोआप तिथे जातो आणि आपण ती जागा चोळतो, तेव्हा हेच घडत असतं. वेदना उतरली की आखडून धरलेला स्नायू सैल सुटतो आणि न वळणारी मान थोडी वळू लागते.

मसाजने लॅक्टिक ॲसिड, म्हणजे जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल, निघून जातं, असं मात्र अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर स्वतःच त्याची विल्हेवाट लावतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग एका पायाला 10 मिनिटं मसाज केला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्याच लॅक्टिक ॲसिडच्या शरीरातल्या रूपात, फरक नव्हता. मसाज केलेल्या पायात दाहाचे रासायनिक संकेत मात्र कमी होते. 11 जणांवरून फार मोठा दावा करता येत नाही, तरी दिशा कळते.

आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाहा. पायाची बोटं आवळली गेली आहेत, श्वास रोखलेला आहे. दाब जास्त झाला, हे शरीर सांगतंय. चांगला थेरपिस्ट इथे हात हलका करतो आणि श्वास सुटेपर्यंत थांबतो. जेवढं दुखेल तेवढा गुण येईल, या समजापायी लोक दात आवळून काळेनिळे डाग घेऊन घरी जातात, याचं मनापासून वाईट वाटतं. असल्या दाबाखाली स्नायू उलट आणखी ताठरतो.

आणि कधीकधी हात लावायचाच नसतो. मांडीला जबर मार बसून आत रक्त साकळलं असेल, तर पहिल्या दिवसांत तिथे जोराने चोळू नये. अशा जागी स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. पाठदुखीसोबत जांघेच्या आतला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मसाजची वेळ ठरवत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

साध्या लचकेत किंवा जुन्या आखडण्यात मात्र हाताचं काम मोलाचं आहे, फक्त त्याचा परिणाम बहुधा काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. तेवढ्या अवधीत हालचाल सुरू करायची. म्हणून पोटरीचा उपचार संपला, की थेरपिस्ट रुग्णाला भिंतीला हात टेकवून उभं करतात आणि टाचा वर उचलायला सांगतात. आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की एका पायावर. भरून येणाऱ्या स्नायूतले नवे तंतू ज्या दिशेने ताण पडतो त्या दिशेने रचले जातात, आणि हा ताण बाहेरून कुणाच्या हाताने देता येत नाही. रुग्ण मोजत टाचा उचलतोय, थेरपिस्ट बाजूला उभं राहून दोन्ही टाचा सारख्याच उंच जातात का, ते पाहताहेत.