नऊ एकांचा डोंगर

(दृश्य : बेळगाव, रविवार पेठ. ट्रकातून पोती उतरतायत.)

हमाल कन्नडमध्ये मोजतोय. एळु, एंटु, ओंबत्तु. आत गादीवर दिवाणजी तेच मराठीत टिपून घेतायत. बेळगावात याचं कुणाला नवल नाही. ओंबत्तु म्हणजे मुळात दहाला एक कमी. आपल्या एकोणीस-एकोणतीसातही तो 'उणा' आहेच.

बेरीज झाली की दिवाणजी नवाचा ताळा बघतात. अंक मिळवायचे, नऊ टाकायचे, उरलेलं जुळलं की पान उलटायचं. कॅलक्युलेटर शेजारीच पडलेला असतो. ४५ च्या जागी ५४ पडले तर मात्र ताळा गप्प बसतो. हे तेच सांगतात, जरा आवाज उतरवून.

(दृश्य : खानापूर तालुक्यातली मराठी शाळा. फळा.)

गुरुजींनी नऊ एक मांडलेत : १११११११११. त्याला त्यानंच गुणायचं. दर ओळ एक घर डावीकडे सरकते. कडेच्या घरात एकच एक, मधल्या उभ्या घरात नऊ. उत्तर : १२३४५६७८९८७६५४३२१.

"गुरुजी, उलटं वाचलं तरी तेच की!"

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांच्या नादी लागले होते. कल्पना सुचली मुंबईजवळच्या डेमलो स्टेशनवर, म्हणून नाव डेमलो संख्या. गाडी लेट झाली तरी या माणसाचं काही बिघडत नसणार.

संख्या सतरा अंकी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थानं मोजत गेलं तर पहिला एक 'मध्य' या सतराव्या स्थानावर बसतो. त्यापुढचं परार्ध एका घरानं हुकतं. अंकांची बेरीज ८१, म्हणजे दिवाणजींच्या ताळ्यानं नवाचा भाग जाणारच. पण नुसत्या ताळ्यानं पोट कळत नाही. अवयवांत फोडून बघितलं तर आत ३ चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. वर्गसंख्या ना, सगळं जोडीनं. ३३३६६७ ही मूळ संख्या, तिला आणखी फोडता येत नाही. बाहेरून एवढा रेखीव डोंगर, आणि आत हा ओबडधोबड दगड!

डोंगर दिसतो तोही आपण दहा-दहाच्या घरांनी लिहितो म्हणून. कन्नड अंकांत लिहा, तसाच दिसेल. जुन्या आण्यांसारखी सोळाची घरं धरली, म्हणजे दर घर दहापटीऐवजी सोळापटीचं, तर सुरुवातीला २ येतो, शेवटी १, आणि डोंगर गेला. ३७ मात्र जागचा हलत नाही. तो अंकांचा नाही, संख्येचा आहे.

(दृश्य : फळ्याजवळ एक मुलगा. हातात खडू.)

यानं आणखी एक 'एक' वाढवलाय. आता दहा. मधल्या घरात दहा येतात, हातचा सुटतो, शिखर खचतं : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा आठ गायब.

तो बाहीनं फळा पुसतो. परत मांडतो. आठ काही येत नाही.