पडद्यावर दिसणारी, कागदावर न उतरणारी पार्श्वभूमी

श्रोतेहो, नाशिकमध्ये पार्श्वभूमीविषयी बोलायचे तर आधी नाशिकरोडची आठवण काढायला हवी. पासपोर्ट, तिकिटे, मुद्रांक छापणारे सरकारी मुद्रणालय, इंडिया सिक्युरिटी प्रेस, तेथे 1925 पासून आहे, आणि अशा मुद्रणालयांच्या कामात अक्षरांमागची बारीक, गुंतलेल्या रेषांची जाळी कागदावर उतरावीच लागते. तिची झेरॉक्स मात्र नीट निघू नये, यातच तिचे सार्थक असते. आजचा विषय याच्या अगदी उलट टोकाचा आहे. पार्श्वभूमी पडद्यावर स्पष्ट दिसावी, पण छापताना तिचा मागमूसही राहू नये, अशी आपली अपेक्षा आहे.

पांढराशुभ्र पडदा डोळ्यांना टोचतो म्हणून फिकट पिवळ्या रंगावर लिहिणारे अनेक आहेत. त्यांचे काम सोपे आहे. खरी निकड आहे ती छापील लेटरहेड वापरणाऱ्या कार्यालयांची. संस्थेचे नाव, बोधचिन्ह आणि तळाशी पत्त्याची पट्टी कागदावर आधीच छापलेली असते. मजकूर टाइप करताना ती समोर दिसली, तरच तारीख कुठे बसेल आणि सही पट्टीवर तर जाणार नाही ना, हे कळते. मात्र तेच चित्र प्रिंटरने पुन्हा छापले, तर बोधचिन्हावर बोधचिन्ह चढते आणि कागद वाया जातो. प्रमाणपत्रांच्या व लग्नपत्रिकांच्या तयार कार्डांवर नावे छापतानाही हीच अडचण येते.

वर्डमध्ये ‘डिझाइन’ या टॅबखाली ‘पेज कलर’ आहे. तेथून दिलेला रंग किंवा चित्र मुळातच छापले जात नाही. ते छापायचे असल्यास ‘ऑप्शन्स’मधील ‘डिस्प्ले’ या भागात ‘प्रिंट बॅकग्राउंड कलर्स अँड इमेजेस’ या ओळीसमोर खूण करावी लागते. येथे एक मेख आहे, आणि माझ्या मते या विषयातली तीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ही खूण फाइलमध्ये नसून त्या संगणकावरच्या वर्डमध्ये असते. तुमच्या कार्यालयात पार्श्वभूमीविना छापली जाणारी फाइल सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात नेली आणि तेथे कोणी ती खूण करून ठेवलेली असेल, तर पानभर रंग उमटतो. शिवाय गडद पार्श्वभूमीवर अक्षरे हाताने पांढरी केलेली असतील, तर कागदावर पांढऱ्यावर पांढरेच छापले जाते. म्हणून अक्षरांचा रंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवणे बरे. वर्डचा वॉटरमार्क, म्हणजे मजकुरामागे फिकट दिसणारी अक्षरे किंवा चित्र, मात्र शीर्षभागात (हेडरमध्ये) बसतो आणि तो छापला जातोच, त्यामुळे आपल्या कामासाठी तो बाद.

लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रामची सोय मला अधिक शहाणपणाची वाटते. लेटरहेडचे चित्र मजकुरामागे ठेवावे आणि त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ऑप्शन्स’ या पानावरची ‘प्रिंट’ची खूण काढून टाकावी. हा निर्णय त्या एका चित्रापुरता असतो आणि फाइलबरोबर प्रवास करतो.

पीडीएफमध्ये ही सोय 2003 साली, 1.5 या आवृत्तीबरोबर आली. पानावरचा मजकूर थरांत विभागता येतो, आणि एखादा थर पडद्यावर दिसावा पण छापला जाऊ नये, अशी नोंद फाइलमध्येच करता येते. ॲक्रोबॅट या पीडीएफ तयार करण्याच्या प्रोग्राममध्ये पार्श्वभूमी जोडताना पडद्यासाठी आणि छपाईसाठी त्याकरिता वेगवेगळ्या खुणा मिळतात. पीडीएफ उघडणारा प्रत्येक प्रोग्राम ही नोंद पाळतोच असे नाही. तेव्हा ज्या प्रोग्राममधून छपाई होणार, त्यातच आधी साध्या कागदावर एक प्रत काढून पाहावी. वेबपानांविषयी फार बोलण्यासारखे नाही, कारण ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग व चित्रे सहसा स्वतःहूनच गाळतात.

हेच पत्र ई-मेलनेही पाठवायचे असते, तेव्हा प्रश्न उलटतो. पत्र मिळणाऱ्याजवळ तुमचा छापील कागद नसतो. त्याला पडद्यावर लेटरहेड दिसते, पण त्याने छापले की हाती नाव-पत्त्याविना कोरे पत्र येते, आणि असे पत्र एखाद्या कचेरीत दाखल करायला गेल्यास ते स्वीकारले जाईलच असे नाही. म्हणून ई-मेलची पीडीएफ तयार करण्यापूर्वी चित्राची छपाई पुन्हा सुरू करावी, आणि छापील कागदासाठीची फाइल कार्यालयाबाहेर जाऊच देऊ नये.